सायकलचा खरा सम्राट कोण?

अहिल्यानगर जिल्ह्यातील करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरी घाट ज्याने एकदा तरी सायकलवरून पार केला आहे, त्याला या खेळाची महती निराळी समजावून सांगावी लागत नाही. चढ संपता संपत नाही, समोरचा वारा पुढे जाऊ देत नाही आणि पाय थांबण्याची विनवणी करू लागतात. 'टूर द फ्रान्स'मध्ये हाच अनुभव आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत तीन आठवडे, २१ टप्प्यांत घ्यावा लागतो. एकूण अंतर साधारणतः साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास असते. साहजिकच या शर्यतीचे विजेते हे सायकलप्रेमींचे दैवत ठरतात आणि त्यांतला सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद कधीच मिटत नाही.

वर्तमानपत्राने जन्माला घातलेली शर्यत

१९०३ मध्ये 'लोटो' या फ्रेंच क्रीडा दैनिकाने खप वाढविण्यासाठी ही शर्यत सुरू केली. त्या दैनिकाचा कागद पिवळा असे. १९१९ पासून आघाडीवरील स्पर्धकाला मिळू लागलेली पिवळी जर्सी ही त्याचीच आठवण मानली जाते. खेळ वरकरणी वैयक्तिक असला तरी प्रत्यक्षात तो संघाचा आहे. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने चालविल्यास हवेचा विरोध बराच कमी होतो. म्हणूनच सहकारी आपल्या नायकासाठी वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणतात, प्रसंगी स्वतःची सायकलही देतात. विजेत्याचे मोठेपण मोजताना या अनामिकांचे ऋण विसरता येत नाही.

मर्क्स : एक मापदंड

बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९६९ ते १९७४ या काळात पाच वेळा टूर जिंकली. इटलीची 'जिरो' शर्यतही त्याने पाच वेळा जिंकली. १९६९ च्या पहिल्याच टूरमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाला त्याने जवळपास १८ मिनिटांनी मागे टाकले. १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापण्याचा विक्रम केला. टूरमधील त्याच्या ३४ टप्पा-विजयांचा विक्रम ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने २०२४ मध्ये मोडला. मात्र कॅव्हेंडिश हा सपाट रस्त्यावरचा वेगवान गडी. मर्क्स घाटात, सपाटीवर आणि घड्याळाविरुद्धच्या शर्यतीतही तितकाच भयंकर होता. १९६९ च्या जिरोमध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरून त्याला शर्यत सोडावी लागली. तो आरोप त्याने कायम नाकारला, हेही नोंदविले पाहिजे.

फ्रान्सचे जाक आँकेतील व बर्नार इनो आणि स्पेनचा मिगेल इंदुराइन यांनीही प्रत्येकी पाच वेळा टूर जिंकली. इंदुराइनने तर १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे. परंतु फ्रेंच जनतेने सर्वाधिक प्रेम केले ते रेमाँ पुलिदोरवर. तो एकदाही टूर जिंकला नाही. आठ वेळा पहिल्या तिघांत येऊनही पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही. १९६४ मध्ये तो आँकेतीलकडून अवघ्या ५५ सेकंदांनी हरला. पराभूतालाही नायक करणारे असे खेळ विरळाच.

सात वर्षांची फसवणूक

आणि मग लान्स आर्मस्ट्राँग. कर्करोगावर मात करून त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर जिंकली, तेव्हा आपल्याकडेही त्याच्या जिद्दीचे दाखले दिले जात होते. आम्हीही ते दिले. २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यसेवनाबद्दल सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने कबुली दिली. त्या सात वर्षांचा विजेता म्हणून कोणाचेही नाव लावलेले नाही. माझ्या मते ती रिकामी जागाच या खेळाचा सर्वांत बोलका धडा आहे. आर्मस्ट्राँगने केवळ प्रतिस्पर्ध्यांना नव्हे, तर त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक विजेत्याला लुबाडले. आज कोणी असामान्य कामगिरी केली की टाळीआधी शंका येते.

पोगाचार : आजचा दावेदार

ही शंका स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारलाही चुकलेली नाही. तो कोणत्याही उत्तेजक चाचणीत दोषी आढळलेला नाही. त्याने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ मध्ये टूर जिंकली. २०२४ मध्ये जिरो, टूर आणि जागतिक विजेतेपद ही तिन्ही एकाच वर्षी मिळविली. त्याआधी हे केवळ मर्क्स (१९७४) आणि आयर्लंडचा स्टीफन रोश (१९८७) यांनाच साधले होते. २०२२ आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या योनास विंगेगोर्डने त्याला हरविले. पण त्या पराभवांनी पोगाचारला अधिक मोठे केले, असे मला वाटते. तो हिशेब करून बसत नाही. शेवटची रेषा दूर असतानाच एकटा निघतो. विजयसंख्येत मर्क्स आजही पुढे आहे, मात्र पाहण्याच्या आनंदात पोगाचार त्याच्या बरोबरीला आला आहे.

आपला घाट, आपले राजे

भारताच्या एकाही सायकलपटूला अद्याप टूरमध्ये उतरता आलेले नाही. तरी आपली परंपरा रिकामी नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणतात. फ्रान्समधील 'पर्वतांचा राजा' या किताबाचेच हे मराठी रूप. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइक प्रकारात राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदके मिळविली आहेत.

मर्क्स पहिला, पोगाचार त्याच्या पाठोपाठ आणि हृदयात पुलिदोर, हा माझा क्रम. वाचकांचा वेगळा असू शकेल. मात्र खरेपणाची अट सर्वांना सारखीच असावी. घाट कोणी चढला, इतकेच पुरेसे नाही. तो स्वतःच्या पायांवर चढला का, हे महत्त्वाचे.