देवासच्या बागा आणि दोन पात्या

देवासला जाणारा मराठी माणूस टेकडीवर देवीचे दर्शन घेतो आणि माघारी फिरतो. संस्थानच्या बागांची चौकशी सहसा कुणी करीत नाही. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांनी त्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या हवाली केल्या होत्या. हुद्दा खासगी चिटणीसाचा. पदरी पडल्या बागा, मोटारी आणि विजेचे यंत्र! धाकटी पातीही याच गावात. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दरबारांचा अंमल. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. फॉर्स्टर यांच्या आठवणी १९५३ साली पुस्तकरूपाने आल्या, म्हणून बागांची ही हकीगत आपल्याला कळते, तीही इंग्रजीतून. थोरली पाती कोणती नि धाकटी कोणती, हे हिंदी शाळेत जाणाऱ्या मराठी नातवंडांना आजोबांनाच विचारावे लागते.