स्टेपनी : वेल्समधून हौद्याखाली

रस्त्यात टायर पंक्चर झाला की आपण सहज म्हणतो, ‘स्टेपनी काढा.’ हा शब्द एका रस्त्याच्या नावाचा आहे. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथे थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी 1904 च्या सुमारास जादा चाक तयार केले. त्या काळी मोटारीचे चाक सहज निघत नसे. रस्त्यातच बसून टायर उतरवायचा आणि ट्यूब जोडायची! डेव्हिस बंधूंचे चाक खरे तर पुरते चाक नव्हतेच. आरे नसलेली नुसती धाव आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर चाकाला ती बाहेरून पकडींनी आवळायची आणि पुढे निघायचे. नंतर अख्खे चाकच बदलता येऊ लागले. युक्ती मागे पडली, नाव आपल्याकडे राहिले.

मालाला जागा हवी म्हणून बऱ्याच पिकअपमध्ये ही स्टेपनी हौद्याखाली पोलादी दोराने टांगतात. तिथे चिखलपाणी तिच्याच अंगावर येते. दोर गंजतो, तो सोडणारी गरारी जाम होते आणि ऐन वेळी चाक खाली येत नाही. आम्हाला विचाराल तर वर्षातून दोनतीनदा ती उतरवावी, गरारी साफ करावी, टायरला भेगा पडल्यात का पाहावे आणि हवा मोजावी. भोक नसतानाही हवा कमी भरते, कारण ती रबरातूनच झिरपते. घट्ट बांधलेला फुगा दोनतीन दिवसांत मऊ पडतो, तो वर्गात दाखवता येईल. टायरला महिने लागतात, एवढेच.