धाबे ते स्लॅब : मंगरूळपीर परिसरातील घराचे छत आणि पाणी

प्रस्तावना :
घराचा इतिहास लिहिताना वाडा, गढी, दरवाजा आणि भिंत यांचा विचार होतो. छताकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. वास्तविक सामान्य माणसाचे घर बदलले ते प्रथम छतापाशी. प्रस्तुत लेखात मंगरूळपीर परिसरातील या स्थित्यंतराचा विचार पाण्याच्या अंगाने केला आहे. गावाच्या नावातील 'पीर' हा शब्द दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याची आठवण देतो. ब्रिटिश काळात हा तालुका जुन्या बासिम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि मंगरूळ अकोल्यास जोडले गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा नव्याने निर्माण झाला. सरकारी नकाशा असा बदलत राहिला, तरी काळी जमीन, बेसाल्टचा खडक आणि चैत्र-वैशाखात तळ गाठणाऱ्या विहिरी यांत फरक पडला नाही.

धाब्याचे घर :
वऱ्हाडात मातीच्या सपाट छतास धाबे म्हणतात; मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच माळवद हा शब्द आहे. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. ही माती गावठाणातून किंवा पडक्या गढीतून आणली जाई. मृग लागण्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकणे, ती चोपणे आणि पन्हाळ मोकळे करणे ही कामे घरचीच माणसे करीत. धाब्याचा शत्रू पाणी होता. घरधन्याची सारी दक्षता पाणी वर थांबू नये एवढ्यासाठी असे. कवेलूचे आणि पुढे टिनाचे छत आले तरी त्यांचा हेतू तोच राहिला.

या छताचा दोष ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सर्वांना दिसला. किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षे जाड होत गेलेली माळवदे यांखाली सापडली. त्यानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. मंगरूळपीर तेथून दूर असले तरी मातीच्या छतावरचा विश्वास उडण्यास एवढे कारण पुरेसे होते.

परवान्याचे सिमेंट :
भारतात सिमेंटचे उत्पादन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्थिरावले. तथापि खेड्यातील घरापर्यंत ते पोहोचण्यास दीर्घ काळ लागला. दुसऱ्या महायुद्धापासून त्याच्या किमतीवर व वाटपावर कमीअधिक नियंत्रण होते आणि घरबांधणीसाठी पोती परवान्यावर मिळत. या टंचाईचे राजकारण किती खोल गेले होते ते महाराष्ट्राने पाहिलेच आहे. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर नियंत्रण अंशतः उठले आणि १ मार्च १९८९ पासून पूर्णतः संपले. त्यामुळे कापूस किंवा तूर विकून आलेल्या पैशात पोती थेट दुकानातून घेता येऊ लागली. रेल्वे नसलेल्या मंगरूळपीरसारख्या गावी हा माल रस्त्याने आला. साधी गोल सळई मागे पडून पिळाची 'टोर' आणि नंतर टीएमटी आली, तो तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही.

स्लॅबचा दिवस :
धाबे दरवर्षी थोडे थोडे घडत असे. स्लॅब मात्र एका दिवसात पडतो. सेंट्रिंग ठोकून व सळई बांधून झाली की नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो, घमेली हातोहात वर चढतात, व्हायब्रेटर फिरतो आणि शेवटी पाटा मारून, थापी फिरवून पृष्ठभाग सारखा केला जातो. संध्याकाळी मजुरांना जेवण असते. काम संपले असा सर्वांचा समज होतो, आणि येथेच घोटाळा आहे.

काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते कडक होते, आणि तो संयोग कित्येक दिवस चालतो. मध्येच पाणी संपले तर ताकद अपुरी राहते, बारीक भेगा पडतात, पुढे त्यांतून पावसाचे पाणी शिरते व सळई गंजते. भारतीय मानक ४५६ च्या २००० च्या आवृत्तीनुसार साध्या सिमेंटच्या कामास किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १० दिवस ओलावा हवा. राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस सांगितले असून १४ दिवसांची शिफारस आहे. आज दुकानात मिळणारी पोती बहुधा अशा मिश्र सिमेंटचीच असतात. सिमेंट बदलले, पण सात दिवस पाणी मारले की झाले, हा हिशेब पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

पाण्याचा हिशेब :
२५ चौरस मीटरचे लहान घर आणि १० सेंटीमीटर जाडीचा स्लॅब घेतला तर अडीच घनमीटर काँक्रीट लागते. एकास दीड, तीन या प्रमाणात त्यासाठी सुमारे २० पोती सिमेंट लागेल. पोत्यामागे ३० लिटर धरता कालवण्यास ६०० लिटर पाणी पुरते. त्यानंतर स्लॅबवर मातीची आळी करून अडीच सेंटीमीटर पाणी साठवायचे, म्हणजे ६२५ लिटर झाले. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर रोज २५० लिटरची भर घालावी लागेल, म्हणजे १४ दिवसांत ३,५०० लिटर. दोन्ही मिळून चार हजारांवर लिटर होतात. कालवण्याच्या पाण्याच्या जवळजवळ सातपट! पंधरा लिटरचा हंडा धरला तर हे पावणेतीनशे हंडे होतात, आणि ते शिडीने वर न्यायचे असतात.

हे हंडे कोणी वाहिले? मजुरीचा ठेका चौरस फुटावर ठरतो आणि स्लॅब पडला की कारागीर पुढच्या कामावर जातो. पाणी मारणे घरमालकाकडे, म्हणजे व्यवहारात घरातील स्त्रियांकडे येते. ज्या महिन्यांत पिण्याचा हंडा भरण्यासाठी नळावर किंवा टँकरपाशी थांबावे लागते, त्याच महिन्यांत हे काम अंगावर पडते. पीक निघून हाती पैसा आला, शेत रिकामे झाले, पाऊस अजून दूर आहे, म्हणून बांधकामाचा हंगाम उन्हाळ्यात येतो. धाब्यासाठी ही वेळ योग्य होती, कारण त्याला कोरडी हवा हवी होती. स्लॅबसाठी तीच वेळ सर्वांत वाईट आहे. परंतु पंचांग धाब्याचे राहिले आणि छत सिमेंटचे झाले.

यावर उपाय मोठा नाही. दिवाळीनंतरच्या थंडीत विहिरींना पाणी असते व ऊन सौम्य असते. तेव्हा स्लॅब टाकावा. उन्हाळाच गाठावा लागला तर काम पहाटे सुरू करून आळ्यांवर ओले बारदान पसरावे. कापूस-सोयाबीनच्या बाजारगावी बारदानाची वाण नाही.

घरकुल योजनांनी मात्र या निवडीस मर्यादा घातली. १९८५-८६ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी मिळू लागले. हप्ता ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात काम पुढे सरकते. विहिरीत तेव्हा पाणी आहे की नाही, हा प्रश्न हप्त्याच्या कागदात नसतो. बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे स्थळाच्या नोंदीसह घेतली जातात. त्यांत पाया असतो, भिंत असते, छतही असते. छत पडल्यानंतरच्या चौदा दिवसांचे छायाचित्र कोणी मागत नाही.