राजापूरची गंगा : जमिनीखालच्या पावसाची नोंदवही

राजापूर तालुक्यात ‘गंगा आली’ एवढे दोनच शब्द पुरतात. कुठली गंगा, कुठे आली, हे कोणी विचारत नाही. राजापूर शहराजवळ उन्हाळे गावच्या हद्दीत दगडी तटाने बंदिस्त केलेले एक आवार आहे. आत चौदा कुंडे. एरवी ती कोरडी असतात. मग एक दिवस वडाच्या झाडाच्या मुळाशी, म्हणजे मूळ गंगेत, पाणी दिसते. काशीकुंडाच्या गोमुखातून धार लागते आणि बाकीची कुंडेही भरतात. दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक, हा मुक्काम असतो. नंतर जशी आली तशी ती जाते. रूढ समजूत अशी की गंगा साधारण तीन वर्षांनी येते. पुष्कळदा ती येते ऐन उन्हाळ्यात, जेव्हा आसपासच्या विहिरींचे तळ दिसू लागलेले असतात आणि आकाशात ढगाचा पत्ता नसतो.

या गंगेची कथा कोकणात सर्वांना ठाऊक आहे. गंगाजी साळुंके नावाचा एक कुणबी शेतकरी दरसाल पंढरीची वारी करी. म्हातारपणी पाय थकले, वारी चुकली. त्याच्या व्याकुळतेने त्याच्याच शेतात गंगा प्रकट झाली. ज्याला पाण्यापर्यंत जाता येत नाही त्याच्यापर्यंत पाणीच चालत येते, ही कल्पना करणाऱ्याला उन्हाळ्यातली पायपीट चांगली माहीत असली पाहिजे. पुढे या तीर्थाची कीर्ती घाटावर गेली. बारामतीच्या मोरोपंतांनी त्यावर ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’ रचले. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडातही या गंगेची दखल आहे. भाविक, कवी आणि सरकारी कारकून या तिघांनाही एकाच झऱ्याने थांबवून विचार करायला लावले, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

प्रस्तुत लेखात तीर्थमाहात्म्य सांगायचे नाही. पाणी जमिनीतून येते कुठून, या प्रश्नाची जी उत्तरे माणसाने वेळोवेळी दिली, त्यांच्या उजेडात ही गंगा पाहायची आहे. तसे पाहिले की तिच्याविषयी एक निराळीच काळजी वाटू लागते.

लोकांचे जुने उत्तर सरळ आहे : ही काशीची गंगा, भूमिगत वाटेने इथवर येते. हे उत्तर ऐकून आजचा शिकलेला माणूस हसतो. पण भूमिगत वाटांची ही कल्पना फक्त आपल्याकडची नव्हती. समुद्राचे पाणी पृथ्वीच्या पोटातल्या नळ्यांतून डोंगरात चढते, वाटेत त्याचे मीठ गळून जाते आणि झरे फुटतात, असे युरोपातले विद्वान सतराव्या शतकापर्यंत मानत. अथानासियस किर्शर या जेझुइट पंडिताने १६६५ मध्ये आपल्या ग्रंथात पृथ्वीच्या पोटातील अशा जलमार्गांची सुंदर चित्रे छापली. त्याच्याही कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने जमिनीच्या आतल्या थंडाव्यात हवेचेच पाणी होते, असे सांगून ठेवले होते. एवढ्या मोठ्या नद्या बारमाही वाहायच्या तर नुसता पाऊस कसा पुरेल, ही सगळ्यांची अडचण होती. पाऊस मोजून पाहावा, हे मात्र कोणाला सुचले नव्हते.

झऱ्यांचे पाणी पावसाचेच, असे फ्रान्समधल्या बर्नार पालिसी या कुंभारकाम करणाऱ्या कारागिराने १५८० मध्ये ठामपणे लिहिले. त्याला लॅटिन येत नव्हते. डोळे उघडे ठेवून रानावनात हिंडणे हीच त्याची विद्या. ते आकड्यांनी सिद्ध केले पियेर पेरो याने, १६७४ मध्ये. सेन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात वर्षभरात किती पाऊस पडतो आणि तेवढ्या भागातून नदी किती पाणी वाहून नेते, याचा त्याने हिशेब मांडला. पाऊस नदीच्या सहापट निघाला! त्यानंतर एडमंड हॅलीने, म्हणजे धूमकेतूवाल्या हॅलीनेच, पाण्याची वाफ किती होते हे प्रयोगाने मोजले आणि समुद्रावरून उडणारी वाफ नद्यांना पुरेल इतकी आहे, हे दाखवले. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी आणि पुन्हा समुद्र हे शाळेच्या पुस्तकातले बाणांचे वर्तुळ अशा हिशेबांतून पुरे झाले.

आपल्याकडे वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचे अख्खे प्रकरण भूजलावर लिहिले. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीत पाण्याच्या शिरा असतात, असे तो म्हणतो. आणि जांभूळ, उंबर, निर्गुडी अशी झाडे, शेजारचे वारूळ, मातीचा रंग यांवरून पाणी किती खोल लागेल याचे आडाखे देतो. त्याचा प्रत्येक आडाखा आज टिकेल असे नाही. पण पाणी शोधायचे तर वरची जमीन वाचावी लागते, हे त्याने ओळखले होते. तेच आता रत्नागिरीत करून पाहू.

जिल्ह्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्रापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंतची कोकणपट्टी साधारण ५०-६० किलोमीटर रुंद. त्यामुळे शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्रीवर कोसळलेले पाणी काही तासांत खाडीला लागते. वाटेत राजापूरच्या बाजारपेठेत शिरून जाते, ते राजापूरकरांना वेगळे सांगायला नको. गोदावरीचे किंवा कृष्णेचे पाणी समुद्र गाठायला सारा दक्षिण देश ओलांडते. आमच्या नद्यांना एवढी सवड नाही. पावसाळा संपला की चार-दोन महिन्यांत व्हाळ आटतात, पऱ्हे कोरडे पडतात आणि मार्च-एप्रिलपासून टँकरच्या बातम्या सुरू होतात. तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि टँकर, या दोन गोष्टी एका जिल्ह्यात कशा, असे घाटावरचे पाहुणे नेहमी विचारतात.

ही धाव थोडीफार रोखतो तो जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. आमच्याकडे त्याचे चिरे काढून घरे बांधतात. हा दगड भोकाभोकांचा, भेगांचा, पोकळ्यांचा. सड्यावर पडलेल्या पावसाचा काही भाग त्यात मुरतो आणि खाली जात राहतो. जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी चिकणमातीचा थर लागतो. रत्नागिरी शहरात जुन्या काळी विहिरी खणताना जांभ्याखाली निळसर माती आणि तीत कोळशासारखी झालेली लाकडे सापडत, याची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी केली आहे. ही माती पाण्याला खाली सोडत नाही. मग पाणी आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, जिथे हा थर उघडा पडतो, तिथे झरा होऊन बाहेर येते. कोकणातल्या कितीतरी वाड्या अशा झऱ्यांच्या ओळीने वसल्या आहेत. वर उघडा कातळ, खाली माडा-पोफळीची बाग, मध्ये पाटाचे पाणी. ही सगळी रचना या दोन थरांवर उभी आहे.

पेरोच्या पद्धतीने साधा हिशेब करू. एक हेक्टर सड्यावर तीन मीटर पाऊस म्हणजे तीन कोटी लिटर पाणी. समजा, त्यातला दहावा हिस्साच मुरला, तरी तीस लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे तीनशे टँकर. एका हेक्टरातून, एका वर्षात, कोणी न मागता.

आता उन्हाळ्याला परत येऊ. इथे गंमत अशी की गंगेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, अर्जुना नदीच्या बाजूला, गरम पाण्याचा झराही आहे. तो बारमाही वाहतो. दोन्ही ठिकाणचे पाणी मुळात पावसाचेच. फरक आहे तो प्रवासाचा. गरम झऱ्याचे पाणी भेगांतून खूप खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वर येते. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून तुरळ, राजवाडी, आरवली आणि उन्हाळ्यापर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. खोलवरचा साठा मोठा आणि प्रवास लांबचा, म्हणून एखाद्या वर्षाच्या कमीजास्त पावसाचा त्याच्यावर फारसा परिणाम दिसत नाही. गंगा मात्र येते आणि जाते. तिचा साठा उथळ आणि मर्यादित असला पाहिजे.

येणे-जाणे असलेल्या झऱ्यांचे कोडे जुने आहे. इटलीत कोमो सरोवराकाठच्या अशा एका झऱ्याविषयी धाकट्या प्लिनीने आपल्या मित्राला पत्र लिहून कारण विचारले होते. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲटवेल याने १७३२ च्या सुमारास ब्रिक्सहॅमजवळच्या झऱ्याचे निरीक्षण करून वक्रनलिकेची उपपत्ती मांडली. राजापूरच्या गंगेलाही अभ्यासक तीच लावतात. ती समजायला प्रयोगशाळा नको. वसुदेवाचा पेला पुरे. जुन्या घरांत हा पितळी पेला असे. मध्ये बाळकृष्णाला घेतलेला वसुदेव. पेल्यात पाणी ओतत जावे, काही होत नाही. पाणी कृष्णाच्या पायाला लागले की सगळा पेला खालून आपोआप रिता होतो. आत दडवलेली वाकडी नळी हेच त्याचे रहस्य. पाणी नळीच्या बाकापर्यंत चढेपर्यंत थांबते, आणि एकदा बाक ओलांडला की नळीचे आतले तोंड उघडे पडेपर्यंत वाहतच राहते.

उन्हाळ्याच्या टेकडीच्या पोटात असा एक पेला आहे असे धरा. सड्यावरून मुरणारे पाणी वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने त्यात साठते. पाऊस थांबला तरी झिरपणे थांबत नाही. वरचे पाणी खाली पोचायला महिने लागतात. म्हणून पेला आश्विनात भरेल की चैत्रात, हे बाहेरच्या आकाशावरून कळत नाही. तो काठोकाठ झाला की गंगा ‘येते’ आणि नळीच्या आतल्या तोंडापर्यंत रिकामा झाला की ‘जाते’. जे अवचित वाटते त्याची तयारी दोन-तीन पावसाळे चाललेली असते.

ही उपपत्ती मान्य केली की तिच्यातून एक मोठी गोष्ट निघते. पेल्याचे माप ठरलेले असेल, तर दोन आगमनांमधले अंतर म्हणजे पेला भरायला लागलेला काळ. सरकारी पर्जन्यमापक किती पाऊस पडला ते सांगतो. किती मुरला ते सांगत नाही. ते सांगण्याचे काम ही गंगा कधीपासून करत आली आहे. आणि तिच्या तारखा लोकांनी श्रद्धेने जपल्या आहेत : तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, पंचांगांच्या समासात, घरच्या पत्रांत, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत. त्या तिथी-शकांच्या तारखा करून मागच्या तीन-तीन पावसाळ्यांच्या आकड्यांशेजारी मांडल्या, तर जमिनीखालच्या पावसाचा इतिहास हाती येईल. यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. चिकाटी आणि दोन रकान्यांचा कागद लागतो.

हे काम आता निकडीचे आहे. अलीकडच्या वर्षांत गंगेचे तीन वर्षांचे वेळापत्रक राहिलेले नाही. लागोपाठच्या वर्षांत आगमनाच्या बातम्या येतात, मुक्काम कधी लांबतो. काहींना हा शुभशकुन वाटतो. पण पेल्याच्या भाषेत बोलायचे तर भरण्याची चाल बदलली असेल, किंवा पेल्यालाच कुठे नवी भेग गेली असेल. पावसाचे स्वरूप पालटणे हे एक कारण संभवते. दुसरे डोळ्यांसमोर आहे. जांभ्याच्या चिरेखाणी सड्यांवर खोल गेल्या, सपाटीकरण झाले, बोअरवेल जांभा आणि चिकणमाती यांचा पडदा फोडून खाली उतरल्या. पाणी मुरण्याची जागा आणि ते अडवून धरणारा थर, दोन्हींना आपण हात घातला आहे. यातले कोणते कारण उन्हाळ्यात किती लागू आहे, हे त्या दोन रकान्यांच्या कागदाशिवाय ठरणार नाही.

गंगेच्या आवाराला तट आहे, कुंडांना पायऱ्या आहेत, आगमनानंतर व्यवस्था लागते, पर्वणी साधायला घाटावरून गाड्या येतात. हे सगळे पाणी जिथे बाहेर पडते तिथे. ते जिथे आत शिरते त्या सड्याला मात्र महसुली दप्तरात बहुधा पडजमीन म्हणतात. ज्याला पीक नाही, झाड नाही, तो कातळ विकायला कोणाला वाईट वाटत नाही. पण गंगाजी साळुंक्यांच्या शेतात जे पाणी आले ते अशाच कातळावरून आत गेले असणार.

पुढच्या खेपेला गंगा येईल तेव्हा स्नानाला जाणाऱ्यांनी एवढे करावे : पाणी प्रथम कुठल्या कुंडात दिसले, किती वाजता, मागाहून कुठली कुंडे भरली, धार केव्हा बारीक झाली, हे लिहून ठेवावे. आणि परतताना वरच्या सड्यावर एक फेरी मारून तिथे नवी खाण पडली आहे का, तेही त्याच कागदावर नोंदवावे.