विश्लेषण : अमेरिकेत मोटरहोमच्या दोन तासांच्या दुरुस्तीला दोन महिने का लागतात?

अमेरिकेत जून महिन्यात मोटरहोममधला फ्रिज बंद पडला, तर सर्व्हिस सेंटरकडून मिळणारी तारीख ऑगस्टची असू शकते. प्रत्यक्ष काम बऱ्याचदा दोन-तीन तासांचेच असते. पण तोवर सुट्टीचा हंगाम सरलेला असतो, वॉरंटीचे दोन महिने वाया गेलेले असतात आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरूच असतात. ‘मेकॅनिक मिळत नाहीत’ हे या विलंबाचे नेहमीचे कारण सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

मोटरहोम म्हणजे नेमके काय?

ट्रक, बस किंवा व्हॅनच्या चासीवर बांधलेले चालते घर म्हणजे मोटरहोम. त्यात पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रिज, शौचालय, पाण्याच्या टाक्या, एसी आणि जनरेटर असे सगळे असते. स्वतःचे इंजिन नसलेले, मोठ्या गाडीच्या मागे जोडून ओढायचे ट्रेलरही याच कुळातले. दोघांना मिळून ‘आरव्ही’ म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल म्हणतात. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने 1966 मध्ये मोटरहोम बनवायला सुरुवात केली. पुढे तिचे नाव इतके रुळले की, आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसे अनेक अमेरिकी लोक कोणत्याही मोटरहोमला विनेबागो म्हणू लागले. आज देशातील 80 टक्क्यांहून अधिक आरव्ही इंडियाना राज्यातील एल्खार्ट आणि आसपासच्या भागात तयार होतात.

एका गाडीच्या किती वॉरंट्या?

विलंबाचे खरे मूळ इथे आहे. मोटरहोम एका कंपनीच्या नावाने विकली जात असली, तरी ती एका कंपनीने बनवलेली नसते. चासी आणि इंजिन फोर्ड, फ्रेटलायनर किंवा मर्सिडीजचे, जनरेटर बहुधा ओनानचा, फ्रिज नॉरकोल्ड किंवा डोमेटिकचा, तर बटण दाबल्यावर भिंत बाहेर सरकवून खोली मोठी करणारी ‘स्लाइड-आउट’ यंत्रणा लिपर्टची असू शकते. एल्खार्टची कंपनी या सगळ्याभोवती भिंती, छप्पर, वायरिंग आणि नळजोडणी करते. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी आणि अटीही वेगळ्या. घराच्या भागाची वॉरंटी बहुतेकदा एकच वर्षाची असते, चासीची त्याहून जास्त.

आता फ्रिज थंड होत नाही, एवढीच तक्रार घेऊ. दोष फ्रिजच्या आतल्या यंत्रणेत असेल तर खर्च फ्रिज कंपनीचा. गॅसचा दाब कमी असेल, 12 व्होल्टची वायर सैल असेल किंवा फ्रिजमागे हवा खेळायला पुरेशी जागाच ठेवलेली नसेल, तर तो घर बांधणाऱ्या कंपनीचा. म्हणजे पैसे कोणी द्यायचे हे ठरण्यासाठी आधी निदान हवे, आणि निदानासाठी गाडी वर्कशॉपमध्ये घ्यायला हवी. त्यानंतर डीलर फोटो काढून कंपनीला पाठवतो, कंपनी मंजुरी देते, मगच सुट्या भागाची ऑर्डर जाते. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्यावर पुरवठादार बदललेला असला, की चुकीचा भाग येतो आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या सगळ्या काळात गाडीला कोणी हातही लावलेला नसतो. ती डीलरच्या आवारात नुसती उभी असते.

कारच्या गॅरेजमध्ये ती नेता येत नाही, कारण मोठी मोटरहोम 40 फुटांपर्यंत लांब आणि सुमारे 12-13 फूट उंच असते. साध्या गॅरेजच्या दारातून ती आत जातच नाही. शिवाय तिच्या मेकॅनिकला सुतार, प्लंबर, वायरमन आणि गॅसजोडणी करणारा अशा चौघांची कामे एकट्याने यावी लागतात. असा हरहुन्नरी माणूस तयार व्हायला वेळ लागतो आणि तयार झाला, की घरांच्या एसी-हीटरचे बारमाही काम त्याला खुणावते. उद्योगाने यासाठी एल्खार्टमध्ये आरव्ही टेक्निकल इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षण संस्था उभारली आहे. टेक्सासमधील अथेन्स या गावीही असे प्रशिक्षण देणारी मोठी अकादमी आहे.

काहींना तारीखच का मिळत नाही?

डीलर हे स्वतंत्र व्यावसायिक असतात. वॉरंटीच्या कामासाठी कंपनी जो मोबदला देते, तो रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या दरापेक्षा अनेकदा कमी असतो आणि दोष शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसे पूर्ण मिळतीलच असे नाही. त्यामुळे अनेक डीलर आपल्याकडून गाडी घेतलेल्यांना आधी तारीख देतात, तर काही जण दुसरीकडे घेतलेल्या गाडीचे वॉरंटीचे काम सरळ नाकारतात. दोन राज्ये ओलांडून स्वस्तात गाडी आणणाऱ्याला हा हिशेब पहिल्या बिघाडाच्या वेळी कळतो. शिवाय फिरण्यासाठीच घेतलेली ही गाडी बिघडते तीही बहुधा घरापासून दूर.

करोनाच्या काळात हा ताण शिगेला पोहोचला. विमाने आणि हॉटेले टाळणाऱ्या लोकांनी आरव्हीकडे मोर्चा वळवला. कारखान्यांतून 2019 मध्ये 4,06,070 गाड्या बाहेर पडल्या होत्या. 2021 मध्ये हा आकडा 6,00,240 या विक्रमावर गेला. वर्कशॉपमधील जागा आणि माणसे त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. एल्खार्टच्या अनेक कारखान्यांत कामगारांना तयार झालेल्या नगावर मजुरी मिळते. अशा पद्धतीत घाई होते आणि राहून गेलेले स्क्रू, गळणारे सांधे नव्या मालकाच्या वाट्याला येतात. 2023 मध्ये उत्पादन 3,13,174 पर्यंत खाली आले, पण आधी विकलेल्या गाड्या रस्त्यावरच होत्या. हंगामाचाही फटका असतोच. उत्तरेकडे हिवाळ्यात गोठून फुटलेल्या पाण्याच्या नळ्या वसंत ऋतूत एकाच वेळी लक्षात येतात आणि सर्वांना तारीख त्याच महिन्यांत हवी असते.

कायदा मदत करतो का?

थोडीफार. 1975 च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार लेखी वॉरंटी न पाळणाऱ्या कंपनीवर दावा लावता येतो आणि जिंकल्यास वकिलाचा खर्चही मिळू शकतो. वारंवार बिघडणारी नवी गाडी परत घ्यायला लावणारे ‘लेमन लॉ’ राज्यांचे असतात आणि आरव्हीच्या बाबतीत ते बरेच लंगडे आहेत. फ्लोरिडाचे उदाहरण बोलके आहे. तिथे मोटरहोमला संरक्षण आहे, पण तिच्या राहण्याच्या भागाला नाही. म्हणजे इंजिन यात येते, गळके छप्पर येत नाही. कार दुरुस्तीसाठी एकूण 30 दिवस अडकून पडली तर दाद मागता येते. आरव्हीसाठी ही मर्यादा 60 दिवसांची आहे. आणि दिवस मोजले जातात ते गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये ठेवलेली असतानाचे. तारखेची वाट पाहत ती घरासमोर उभी राहिली, ते दिवस त्यात धरले जात नाहीत. मालकाच्या दृष्टीने सर्वात लांब असलेली प्रतीक्षा या हिशेबात येतच नाही.

म्हणूनच बिघाड दिसताच कंपनी आणि डीलर या दोघांनाही लेखी कळवणे महत्त्वाचे ठरते. तारीख वॉरंटी संपल्यानंतरची असली, तरी दोष मुदतीत सांगितला होता याचा पुरावा हाती राहतो. फोनवरचे बोलणे सिद्ध करणे अवघड.

ज्यांचे घरच ही गाडी आहे, त्यांचे काय?

2021 मध्ये ऑस्कर मिळवलेल्या ‘नोमॅडलँड’ या चित्रपटात नायिकेची व्हॅन बिघडते. दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षा गाडी विकून टाका, असा व्यवहारी सल्ला तिला मिळतो. पण ती त्याच गाडीत राहत असते. मोटरहोममध्ये बारा महिने राहणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे. गाडी तीन आठवडे वर्कशॉपमध्ये म्हणजे तीन आठवडे हॉटेल, आणि त्या खर्चाची भरपाई बहुतेक वॉरंट्यांत नसते.

अनुभवी मालक त्यावर काही वाटा काढतात. इंजिन किंवा ब्रेकचे काम असेल तर आरव्ही डीलरच्या रांगेत न थांबता ते चासी कंपनीच्या ट्रक सर्व्हिस सेंटरला जातात. फ्रिज-हीटरचा मॉडेल आणि सीरियल क्रमांक, बिघाडाचे फोटो आधीच पाठवून भाग मागवायला सांगतात आणि तो आल्यावरच गाडी आत देतात. मुक्कामाच्या जागी येऊन काम करणाऱ्या फिरत्या तंत्रज्ञांचा धंदाही यातूनच वाढला आहे. एखादा पंप किंवा हीटरचे सर्किट ते तासाभरात बदलून देतात. त्यांचे पैसे वॉरंटीतून मिळतील का, हे मात्र त्यांना बोलावण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावे लागते. भिंतीत पाणी मुरून लाकूड कुजले असेल, तर त्यांचाही इलाज चालत नाही. ते काम वर्कशॉपचेच, आणि तारीख मिळेपर्यंत छपरावर ताडपत्री.