सुटका केलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांना घर कसं मिळतं? दत्तक मेळाव्याची जागा कशी निवडतात?

कुत्र्यामांजरांचे दत्तक मेळावे सगळ्यांनी पाहिले आहेत. पण पाळून नकोसं झालेलं कासव, इग्वाना किंवा अजगर कुठे जातं? अमेरिकेत असे प्राणी लाखो घरांत पाळले जातात. त्यामुळे ते सोडून देणारेही बरेच असतात. अशा प्राण्यांना सांभाळून नवं घर शोधून देणाऱ्या संस्था तिथे अनेक राज्यांत आहेत. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न म्हणजे योग्य माणसं भेटणार कुठे?

प्राणी सोडून का दिले जातात?

मुख्य कारण म्हणजे वाढ आणि आयुष्य. आफ्रिकेतलं सुलकाटा कासव दुकानात तळहातावर मावतं. मोठं झालं की त्याचं वजन ४५ किलोच्या पुढे जाऊ शकतं. हिरवा इग्वाना शेपटीसकट दीड मीटरहून लांब होतो. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. घेतलेला मुलगा तोवर शिकायला दुसऱ्या गावी गेलेला असतो.

मग काही जण प्राणी जवळच्या तळ्यात किंवा रानात सोडतात. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मी अजगर असेच पसरले आणि तिथले सस्तन प्राणी झपाट्याने घटले. म्हणून दत्तक घर मिळणं हा त्या एका प्राण्यापुरता प्रश्न राहत नाही.

मेळावा कुठे भरवतात?

सर्पप्रेमी संस्थांच्या बैठका : येणाऱ्यांना निदान तापमान, आहार, अतिनील दिवे यांची माहिती असते. गर्दी कमी, पण घर मिळण्याची शक्यता जास्त. शिकागो हर्पेटोलॉजिकल सोसायटी ही १९६६ साली स्थापन झालेली अशीच एक जुनी संस्था.

वाचनालय, संग्रहालय, निसर्ग केंद्र : इथे बंद खोली, वीज आणि हात धुवायची सोय मिळते. कार्यक्रम माहितीचा असतो, त्यामुळे लोक घाईत नसतात.

रेप्टाइल एक्स्पो : म्हणजे विक्रीचं प्रदर्शन. शेजारच्या टेबलावर स्वस्तात पिल्लं विकली जात असताना दत्तक प्राणी मांडणं विचित्र वाटतं. पण पिल्लू घ्यायला आलेल्याला पूर्ण वाढलेलं सुलकाटा दाखवलं, तर लांबलचक भाषणाची गरज उरत नाही.

कुत्र्यामांजरांचा मेळावा : गर्दी भरपूर, पण भुंकणं आणि उघडं मैदान. सरपटणारे प्राणी शरीराची ऊब बाहेरून घेतात. थंड वाऱ्यात किंवा कडक उन्हात ठेवले तर ते आजारी पडतात. इथे प्राणी न नेता फोटो आणि माहितीपत्रकं नेलेली बरी.

पशुवैद्यांचे दवाखाने आणि ऑनलाइन यादी : अशा प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चांगले पालक ठाऊक असतात. पेटफाइंडरसारख्या साइटवरही या प्राण्यांसाठी वेगळा विभाग आहे.

कोणती काळजी घ्यावी लागते?

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री बंद आहे. पाच वर्षांखालच्या मुलांनी हे प्राणी हाताळू नयेत, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. त्यामुळे खाण्याच्या स्टॉलजवळची जागा टाळायची आणि प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लावायचं.

प्राणी त्याच दिवशी देतात का?

शक्यतो नाही. मेळावा ओळखीसाठी, निर्णय नंतर. ॲरिझोनातलं डेझर्ट टॉर्टॉइज याचं चांगलं उदाहरण. पाळलेली कासवं रानात सोडली तर श्वसनाचे आजार जंगली कासवांत पसरू शकतात, म्हणून राज्याचं वन्यजीव खातं ती दत्तक देतं. अर्जदाराने आधी अंगणात बंदिस्त जागा आणि बीळ तयार करून दाखवायचं, मग कासव मिळतं.

फ्लोरिडात दुसरी पद्धत आहे. तिथलं वन्यजीव खातं ‘अभय’ दिवस भरवतं. नकोसा झालेला परदेशी प्राणी कोणीही आणून द्यावा, दंड नाही. घेणाऱ्यांची निवड मात्र आधीच झालेली असते. म्हणजे प्राणी त्या दिवशी हातात पडला तरी पारख आधी झालेली असते. गर्दीतल्या हौशी माणसाला तिथल्या तिथे प्राणी दिला, तर तो काही महिन्यांत परत येतो. किंवा परत येतच नाही, तळ्यात जातो.

महाराष्ट्रात असा मेळावा भरवता येईल का?

देशी प्राण्यांचा नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार नाग, धामण, घोरपड, तारा कासव घरी पाळणं गुन्हा आहे. ‘दत्तक’ म्हटल्याने तो कायदेशीर होत नाही. असा प्राणी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

बॉल पायथन, हिरवा इग्वाना अशा परदेशी प्राण्यांसाठी २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम लागू आहेत. त्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते आणि मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. त्यामुळे ‘कासव फुकट देणे आहे, लगेच न्या’ अशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी प्राणी कोणता आणि त्याची नोंद आहे का, हे विचारायला हवं. घेणाऱ्याकडे जागा आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.