मुलाला काय सांगावे?

वैद्याने रोग्याच्या घरी कसे वागावे, याविषयी चरकसंहितेत पुष्कळ नियम आहेत. त्यांपैकी एक आजही थबकून वाचावा असा आहे. रोग्याचे आयुष्य सरत आले हे वैद्यास स्पष्ट दिसत असले, तरी कोणी विचारल्यावाचून त्याने ते बोलू नये. आणि विचारले तरी, बोलण्याने रोग्याला वा अन्य कोणाला आघात पोचेल तेथे बोलू नये. ग्रीक वैद्यांच्या जुन्या ग्रंथांतही रोग्यापासून बहुतेक गोष्टी झाकून ठेवण्याचाच उपदेश आहे. तेव्हा हे मौन केवळ आपल्या देशाचे म्हणता येत नाही. १९६१ साली डोनल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी केली. त्यांपैकी दहांतले जवळजवळ नऊजण कर्करोगाची गोष्ट रोग्याला सांगत नसत. अठरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तशीच प्रश्नावली दुसऱ्या एका अमेरिकन रुग्णालयात फिरली, तेव्हा शंभरांतले सत्त्याण्णव डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. शतकानुशतकांची रीत एका पिढीच्या आत उलटली.

तथापि ही उलथापालथ झाली ती प्रौढ रोग्यांपुरती. आजारी मुलाच्या बाबतीत पडदा तसाच राहिला, आणि तो कसा राहिला हे मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीच्या १९७८ सालच्या ग्रंथात दिसते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये त्या वावरल्या. मुलांना कोणी काही सांगितले नव्हते. तरी आपण मरणार हे त्यांना कळलेले होते. औषधे बदलली, शेजारच्या खाटेवरचे मूल दिसेनासे झाले, मोठी माणसे दाराबाहेर कुजबुजू लागली, यांतून मुले आपला अर्थ काढीत. आणि आईबापांना दुःख होऊ नये म्हणून, आपल्याला काही ठाऊक नाही असे सोंगही वठवीत! कचेरीत ज्या लखोट्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो, त्यातला मजकूर शिपायाला आधी ठाऊक असतो, हे आपण सरकारी माणसे जाणतोच. पण येथे त्या शिक्क्याची किंमत एक मूल एकटेपणाने मोजते.

आणि मागे उरलेल्यांचे काय? मूल कर्करोगाने गेलेल्या स्वीडनमधील आईबापांना हाच प्रश्न विचारण्यात आला. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मुलाशी मृत्यूविषयी बोललेले पालक १४७ होते; त्यांतल्या एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पालकांपैकी ६९ जणांना, आपण बोलायला हवे होते, असे वाटत राहिले. स्वीडन म्हणजे भारत नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण उरलेल्या १८९ जणांना खंत वाटली नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून यातून ‘सांगितलेच पाहिजे’ असा कायदा काढू नये.

आपल्याकडे दुखणे एकट्याचे नसते, घराचे असते. म्हणून ‘डॉक्टर, त्याला सांगू नका हं’ ही विनवणी दारातच भेटते. या संगनमताचा विचार आमच्या बंगळूरात झालेला आहे. येथील निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतील डॉ. संतोष चतुर्वेदी व डॉ. प्रभा चंद्रा यांनी या विषयावर लिहिले आहे. त्यांनी सहलेखकासह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाचा विषयच नातेवाइकांशी संवाद आणि त्यांचे हे संगनमत, असा आहे. घरच्यांना खोटारडे ठरवून हा पेच सुटत नाही. ती माया असते. तिची भीती आधी ऐकून घ्यावी लागते.

उपशामक चिकित्सेचा डॉक्टर आपल्या शिष्यांना शिकवतो तेही पुष्कळसे हेच. पहिले म्हणजे वेदना थांबवणे. कळवळणाऱ्या मुलाशी संवाद कसला? मग बोलणे. वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची जी पद्धत २००० साली बेली, बकमन आदींनी मांडली, तिच्यात सांगण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात: रोग्याला काय कळले आहे, आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे. विचारल्यावाचून बोलू नये, म्हणणाऱ्या चरकाचार्यांना हे फार परके वाटले नसते. फरक एवढाच, की रोग्याने विचारण्याची वाट न पाहता आता वैद्यानेच विचारायचे. वर्गात एकाने आई व्हायचे, एकाने डॉक्टर. ‘तुला इथं कशासाठी आणलंय, असं तुला वाटतं?’ एवढे विचारून गप्प बसायचे असते. आणि हे गप्प बसणे विद्वानांना जड जाते.

शब्दांचीही पंचाईत असते. लहान मुलाला मृत्यूचे कायमपण उमगत नाही. आजोबा ‘झोपले’ म्हटले, तर ते झोपेला भिऊ लागते. ‘गावाला गेले’ म्हणावे, तर बदलीच्या गावी वाढणाऱ्या आपल्या मुलांना गाव म्हणजे सुट्टीतले घर. तेथून माणसे परत येतात! त्यातून बंगळूरच्या, १९७३ साली स्थापन झालेल्या किदवाई संस्थेसारख्या रुग्णालयात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू अशा कितीतरी भाषांची मुले येतात. जेथे दुभाषी म्हणून काका-मामा उभा असतो, तेथे डॉक्टरांचे निम्मे बोलणे त्याच्या मायेत गाळले जाते.

महाराष्ट्रात २०१० ते २०१५ या काळात ब्रिटिश सरकारच्या साह्याने मुलांच्या उपशामक चिकित्सेचा प्रकल्प जव्हार, शीव आणि सोलापूर येथे चालला. टाटा रुग्णालयाच्या डॉ. मेरी अ‍ॅन मकेडन यांचा त्यात मोठा वाटा होता. २०१९ पासून देशातील एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमातही वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ आले आहेत. ते इंग्रजीत शिकलेल्या तरुण डॉक्टरांना जव्हारच्या वारली मुलाशी बोलताना पुस्तकी मराठीदेखील पुरणार नाही. तेथे त्याच्या आईच्या तोंडचे शब्द मागून घ्यावे लागतील.